पोदेराला काय काय ठाऊक असतं? सरकारी पाळत आणि फुटलेल्या कागदांचा वाद

आमच्या शेजारी एक काका राहतात. सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात ते पेपर घेऊन आमच्या बाल्कांवात, म्हणजे गोव्यातल्या घराच्या ओसरीत, येऊन बसले. बातमी होती ‘संचार साथी’ ॲपची. प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये हे ॲप आधीच घालून विका, असा आदेश केंद्राने कंपन्यांना धाडला होता. आदेश जाहीर केला नव्हता, तो रॉयटर्स या वृत्तसंस्थेच्या हाती लागला आणि गाजावाजा झाला. हरवलेले फोन शोधायला आणि फसवणूक रोखायला हे ॲप आहे, असं सरकार सांगत राहिलं. तरी ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली.

काकांचा मुद्दा वेगळाच होता. “ॲपचं सोडा हो. कागद कंपन्यांना लिहिलेला, तो पेपरवाल्यांकडे गेला कसा? म्हणजे कुणीतरी फोडलाच ना? मग ही चोरी नव्हे?”

प्रश्न बिनतोड आहे. हा तर तसा साधाच कागद. ज्यांच्यावर ‘अतिगोपनीय’ असं छापलेलं असतं, ज्यांत सरकार कुणावर आणि कशी पाळत ठेवतं ते लिहिलेलं असतं, असे कागद वर्तमानपत्रांत येतात तेव्हा निम्मे लोक फोडणाऱ्याला देशद्रोही म्हणतात आणि निम्मे हार घालतात. काकांना त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही. ते आता देतो.

हेर वेगळा, जागल्या वेगळा

पूर्वी गावात रात्री गस्त घालून लोकांना सावध करणारा जागल्या असायचा. आतली गैरकृत्यं चव्हाट्यावर आणणाऱ्या माणसाला मराठीत आता तेच नाव पडलंय. हेर आणि जागल्या दोघंही गुपित बाहेर नेतात. हेर ते शत्रूच्या कानात सांगतो आणि ही गोष्ट कुणालाच कळू नये म्हणून धडपडतो. जागल्या ते ज्यांच्यापासून लपवलं त्यांनाच, म्हणजे आपल्याला, सांगतो.

हेरगिरी गोव्याला काही परकी नाही. दाबोळीला विमान उतरलं की फोटो काढू नका असं सांगतात, कारण तो नौदलाचा ‘आयएनएस हंसा’ तळ आहे. डिसेंबर २०१९ मध्ये नौदलाच्या सात जणांना पाकिस्तानला माहिती पुरवल्याच्या संशयावरून पकडलं. फेसबुकवर बायकांच्या नावाने जाळं टाकून त्यांना गोवल्याचा आरोप होता, आणि त्यांतले काही आपल्या शेजारच्या कारवारला नेमणुकीवर होते. यानंतर नौदलाने तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोन बंद केले. कुठलं जहाज कधी सुटणार हे गुपितच राहायला हवं, यावर कुणाचं दुमत नसावं.

तिसरी एक जात आहे, ती आपण विसरतो. मंत्री आणि अधिकारी स्वतःच सोयीची बातमी ‘सूत्रांच्या हवाल्याने’ सोडतात. तीही गळतीच. पण तिच्यासाठी कुणी तुरुंगात गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आपला कायदा मात्र हा फरक फारसा करत नाही. १९२३ चा, इंग्रजांनी केलेला शासकीय गुपिते कायदा अजून चालू आहे. हेरगिरीला १४ वर्षांपर्यंत आणि सरकारी गुपित अनधिकृतपणे दिल्याबद्दल ३ वर्षांपर्यंत शिक्षा. जाणूनबुजून घेणाराही गुन्हेगार, म्हणजे पत्रकारही त्यात सापडू शकतो. पत्रकार इफ्तिखार गिलानी यांना जून २००२ मध्ये याच कायद्याखाली पकडलं. त्यांच्या संगणकावर सापडलेला ‘गोपनीय’ मजकूर इंटरनेटवर कुणालाही वाचता येत होता. तरी सुटायला जानेवारी २००३ उजाडला.

शिक्का मारतो कोण?

गंमत अशी की गुपित म्हणजे काय, याची व्याख्या या कायद्यात नाहीच. काकांना हे सांगितलं तर ते हसले. “व्याख्या कशाला हवी? शिक्का माझ्या ड्रॉवरात असायचा.” मग त्यांनी हाताने करून दाखवलं: लिफाफ्यात लिफाफा, आतल्यावर लाल शाईत ‘गोपनीय’, बाहेरच्यावर नुसता पत्ता. “खरं सांगू? दहातल्या दोन फायली खरंच गोपनीय असायच्या. बाकीच्यांत साहेबांनी केलेला घोळ असायचा.”

ही एका कारकुनाची आठवण आहे, पुरावा नव्हे. पण दुखणं नेमकं इथेच आहे. गुपित उघडं पडल्यावर ज्याची अडचण होणार, शिक्काही त्याच्याच हातात. प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्ये हा कायदा रद्द करून खऱ्या सुरक्षेपुरतं प्रकरण राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात घाला, अशी शिफारस केली होती. ती तशीच पडून आहे.

न्यायालयं मात्र शिक्का बघून गप्प बसत नाहीत. राफेल विमानांच्या खटल्यात २०१९ मध्ये संरक्षण खात्यातले कागद ‘द हिंदू’ने छापले. ते चोरीला गेलेत, म्हणून न्यायालयाने वाचूच नयेत, असा सरकारचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिलला तो फेटाळला आणि कागद विचारात घेतले. पुढे फेरविचाराच्या याचिका फेटाळल्या गेल्या हेही खरं. पण छापलेला कागद वाचायचा की नाही, हा प्रश्न तिथे मिटला.

पोदेराचं ज्ञान

आता पाळतीकडे येऊ. इथे एकच जड शब्द लागेल: मेटाडेटा. तुम्ही फोनवर काय बोललात तो झाला मजकूर. कुणाला, कधी, किती वेळ आणि कुठल्या टॉवरखालून फोन केलात, तो मेटाडेटा.

“बोलणं ऐकत नाहीत ना? मग काय बिघडलं?” असं पुष्कळांना वाटतं. त्यांनी आमच्या पोदेराकडे, म्हणजे घरोघरी पाव टाकणाऱ्याकडे, बघावं. तो पहाटे सायकलचा भोंगा वाजवत येतो, फाटकाला अडकवलेल्या कापडी पिशवीत उंडे किंवा पोळ्या हे पाव टाकतो आणि पुढे जातो. उंबरठा कधी ओलांडत नाही. तरी त्याला ठाऊक नाही असं काही नाही. चारऐवजी दहा उंडे सांगितले की मुंबईचे पाहुणे आले. पिशवीच नाही, तर घर बंद. समोरच्या घराच्या फाटकाला एके दिवशी एकाच्या जागी दोन पिशव्या लटकल्या. भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्याचं वाड्यात सगळ्यांत आधी कळलं ते पोदेराला. आत काय भांडण झालं त्यातलं अक्षरही त्याने ऐकलं नव्हतं.

आमचा पोदेर भला माणूस आहे, पन्नास घरांपलीकडे त्याचा पसारा नाही. पण पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या सगळ्या पोदेरांच्या पाच वर्षांच्या वह्या पणजीतल्या एका खोलीत आणून रचल्या, आणि एका बटणासरशी कुठल्याही घराचा इतिहास समोर येऊ लागला, तर? अमेरिकेची ‘एनएसए’ ही गुप्तचर संस्था देशातल्या फोनच्या नोंदींबाबत हेच करत होती, तेही पाच वर्षं साठवून. ‘मेटाडेटावरून आम्ही माणसं मारतो’, असं या संस्थेचे माजी प्रमुख मायकेल हेडन २०१४ मध्ये जाहीर चर्चेत म्हणाले होते.

हवाईतला एकोणतीस वर्षांचा पोरगा

हे जगाला कळलं ते एडवर्ड स्नोडेनमुळे. एनएसएचं काम करणाऱ्या एका खासगी कंपनीत तो हवाई बेटावर नोकरीला होता. मे २०१३ मध्ये कागदपत्रांचा गठ्ठा घेऊन तो हाँगकाँगला गेला आणि तिथल्या हॉटेलात पत्रकारांना भेटला. ५ जूनला ‘गार्डियन’ने पहिली बातमी छापली: व्हेरायझन या कंपनीने ग्राहकांच्या कॉलच्या नोंदी रोजच्या रोज सरकारला द्याव्यात, असा एका गुप्त न्यायालयाचा आदेश. संशयितांच्या नोंदी नव्हेत, सगळ्यांच्या.

थोडं मागे जाऊ. त्याच वर्षी मार्चमध्ये सिनेटर रॉन वायडन यांनी गुप्तचर खात्यांचे प्रमुख जेम्स क्लॅपर यांना जाहीर सुनावणीत विचारलं होतं, की लाखो अमेरिकनांची काही माहिती एनएसए गोळा करते का? क्लॅपर म्हणाले, नाही. वायडन यांना खरं उत्तर माहीत होतं, पण गोपनीयतेच्या शपथेमुळे त्यांना तोंड उघडता येत नव्हतं. सरकारने दहशतवादविरोधी ‘पॅट्रियट’ कायद्याचा लावलेला गुप्त अर्थ कळला तर लोक थक्क होतील, एवढंच ते २०११ पासून सुचवत होते.

हा ‘गुप्त अर्थ’ मला साऱ्या प्रकरणातली सगळ्यांत गंभीर गोष्ट वाटते. कायदा छापलेला होता, कुणीही वाचावा. पण सरकार त्याचा अर्थ काय लावतंय, हे गुपित होतं. तो कायदा लिहिणाऱ्यांत असलेले खासदार सेन्सेनब्रेनर यांनीसुद्धा, आम्हाला हे अभिप्रेत नव्हतं, असं नंतर सांगितलं. अमुक माणसाचा फोन ऐकतोय, हे सरकारने लपवणं मला समजतं. त्याला कळलं तर ऐकण्यात अर्थच नाही. पण कुणाचा फोन कुठल्या नियमाने ऐकता येतो, हा नियमच लपवला, तर लोकांनी मत द्यायचं कशावर? माझ्यापुरती रेघ इथे आहे. जागल्याने नाव फोडलं तर तो चुकला, नियम फोडला तर बरोबर.

“पण आपला याच्याशी काय संबंध?”

आहे. स्नोडेनच्याच कागदांत एक तक्ता होता: मार्च २०१३ या एका महिन्यात कुठल्या देशातून एनएसएने किती माहिती उचलली त्याचा. भारताचा नंबर पाचवा, आकडा ६३० कोटी नोंदी. आपले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सलमान खुर्शीद यांनी त्यावर म्हटलं, की ही हेरगिरी नव्हे, संगणकाने फक्त कॉल आणि ईमेलचे आकृतिबंध तपासले. म्हणजे आपला पोदेरच! आणि स्नोडेनने आश्रय मागितला तेव्हा ज्या देशांनी नाही म्हटलं त्यांत भारतही होता.

“लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कशाला?”

गोव्यात हा प्रश्न कुणी विचारला की मला आश्चर्य वाटतं. १९६१ पूर्वीचं सेन्सॉर आपल्या आजोबांनी भोगलंय. लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी मंजूर करून घ्यावी लागे, असं जुनी माणसं सांगतात. लग्नात लपवण्यासारखं काय असतं? पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या पोलिसांना ठरवायचं होतं, की चार माणसं कशासाठी एकत्र येताहेत. म्हणून ‘गोंयच्या सोडवणेचो आवाज’ या भूमिगत रेडिओला १९५५ पासून सरहद्दीपलीकडच्या रानांतून बोलावं लागलं. आजच्या सरकारची बरोबरी त्या राजवटीशी करायची नाही, मतपेटीने बदलता येतं ते सरकार वेगळंच. पण सज्जनांना पाळतीची भीती नसते, हे वाक्य सज्जन कोण हे ठरवणाऱ्याच्या तोंडीच शोभतं.

“शत्रू सावध होतो त्याचं काय?”

हा आक्षेप खरा आहे, उडवून लावू नये. स्नोडेनने नेलेले सगळे कागद नागरिकांवरच्या पाळतीचे नव्हते. अमेरिकी संसदेच्या गुप्तचर समितीने २०१६ मध्ये तर म्हटलं, की बहुतांश कागदांचा नागरिकांच्या खासगीपणाशी संबंधच नव्हता, ते लष्करी आणि संरक्षणविषयक होते. समितीला त्याच्याविषयी ममत्व असण्याचं कारण नव्हतं हे धरूनही यात तथ्य आहे. परदेशांतल्या हेरगिरीच्या पद्धती उघड झाल्या, त्याने नुकसान झालंच असणार. माझ्या रेघेच्या पलीकडचं बरंच काही त्या गठ्ठ्यात होतं, आणि स्नोडेनची पाठराखण करणाऱ्यांनी ते गिळू नये.

फक्त दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघावं. फोनच्या सरसकट नोंदींनी दहशतवाद किती रोखला, हे अमेरिकेच्याच एका सरकारी देखरेख मंडळाने तपासलं. जानेवारी २०१४ च्या अहवालात निष्कर्ष निघाला: अमेरिकेला धोका असलेल्या एकाही तपासात या नोंदींमुळे निर्णायक फरक पडलेला आढळला नाही. २०१५ मध्ये कायदा करून ती सरसकट साठवण थांबवली गेली. सप्टेंबर २०२० मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती बेकायदा होती असंही सांगितलं. गुपित गुपितच राहिलं असतं, तर हे तपासायला कुणी बसलंच नसतं.

“वरिष्ठांकडे तक्रार करायची होती”

काकांचा हा आवडता मुद्दा. योग्य मार्गाने अर्ज, पोचपावती, स्मरणपत्र. आयुष्यभर त्यांनी तेच केलं.

एनएसएतच थॉमस ड्रेक नावाचे अधिकारी होते. त्यांनी योग्य मार्ग धरला: वरिष्ठ, महानिरीक्षक, संसदेची समिती. मग वार्ताहराशी बोलले. २००७ मध्ये घरावर धाड पडली, २०१० मध्ये दहा गंभीर आरोप ठेवले गेले. वर्षभराने खटला कोसळला, ते सगळे आरोप मागे घेऊन संगणकाच्या गैरवापराचा किरकोळ गुन्हा तेवढा उरला. तोवर नोकरी गेली होती आणि गुप्तचर खात्यातला हा बडा अधिकारी ॲपलच्या दुकानात विक्रीचं काम करत होता. स्नोडेनने हे डोळ्यांसमोर पाहिलं होतं.

आपल्याकडे जागल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये संमत झाला. राष्ट्रपतींची सहीही झाली. पण तो लागू करण्याची अधिसूचना काही निघाली नाही. काकांच्या भाषेत, मंजूर होऊन कपाटात.

“छापायचं काय हे पेपरवाले कोण ठरवणार?”

निवडून न आलेल्या संपादकाच्या हातात देशाचं गुपित, ही कल्पना मलाही अस्वस्थ करते. पत्रकार चुकतात, दोन्ही बाजूंनी. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला विनावॉरंट फोन टॅपिंगची बातमी मिळाली होती, ती सरकारच्या विनंतीवरून त्यांनी सुमारे वर्षभर दाबून ठेवली आणि डिसेंबर २००५ मध्ये छापली. मधल्या काळात राष्ट्राध्यक्षाची निवडणूकही उरकली. उलट आपल्याकडे २०१० मध्ये नीरा राडिया यांची, प्राप्तिकर खात्याने टॅप केलेली संभाषणं फुटली. सार्वजनिक हिताच्या गोष्टींबरोबर खासगी गप्पाही चवीने वाचल्या गेल्या आणि रतन टाटांना खासगीपणाच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं.

म्हणून गठ्ठा जसाच्या तसा ओतणारा आणि निवडून छापणारा यांत फरक करायला हवा. इंटरनेट कंपन्यांकडून माहिती घेणाऱ्या ‘प्रिझम’ योजनेच्या ४१ स्लाइड पत्रकारांकडे होत्या, सुरुवातीला त्यांतल्या मोजक्याच छापल्या. माणसांचे जीव धोक्यात येतील असं काय आहे, ते सरकारला विचारून गाळण्याची रीत चांगल्या वृत्तपत्रांत असते. ती पुरेशी आहे का? नाही. पण सरकारनेच स्वतःवर देखरेख ठेवावी, हा दुसरा पर्याय काय करतो ते बघा.

देवळाची फंडपेटी आणि गृहसचिवांची सही

आमच्या देवळाच्या फंडपेटीला दोन कुलपं आहेत. एक किल्ली अध्यक्षांकडे, दुसरी खजिनदाराकडे, आणि पेटी उघडायची ती महाजनांच्या देखत. कुणावर अविश्वास आहे म्हणून नव्हे, रीतच तशी.

फोन टॅप करायचा तर आपल्याकडे किल्ली गृहसचिवांकडे असते, केंद्राच्या किंवा राज्याच्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये नियम घालून दिले: आदेश दोन महिन्यांपुरता, वाढवत नेला तरी सहा महिन्यांवर नाही, आणि एका समितीने तो तपासायचा. या समितीत कोण? सचिवच. न्यायाधीश नाही, विरोधी पक्षाचा माणूस नाही. दोन्ही किल्ल्या एकाच घरात. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये नवे नियम आले, पण हा सांगाडा बदलला नाही.

आणि काम किती? केंद्र सरकार महिन्याला साधारण ७,५०० ते ९,००० टॅपिंगचे आदेश काढत होतं, असं माहिती अधिकारातल्या एका जुन्या उत्तरात पुढे आलं होतं. रोजचे तीनशे धरा. गृहसचिवांनी चहा न पिता आठ तास सह्याच केल्या, तरी एका आदेशाला दीडेक मिनिट. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये याच आकड्यांवर बोट ठेवलं: दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या तपासणी समितीपुढे एका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश येतात, ते तपासणं अशक्य आहे. ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कळवत नाहीत, त्यामुळे तो तक्रार कशाची करणार?

२०२१ मध्ये पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर गाजलं, तेव्हाही सरकारने ते वापरलं की नाही यावर हो-नाही काहीच सांगितलं नाही. राष्ट्रीय सुरक्षेचं नाव घेतलं म्हणून दरवेळी मोकळीक मिळणार नाही, असं बजावून सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये समिती नेमली. २९ फोन तपासले, पाचांत घुसखोर सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगॅससच होतं असं ठामपणे म्हणता आलं नाही. सरकारने तपासात सहकार्य केलं नाही, हेही समितीने नोंदवलं.

आतून विचारणारं कुणी नाही, तक्रारीची वाट बंद, आणि ज्याच्यावर पाळत आहे त्याला पत्ताच नाही. मग कागद खिडकीतून बाहेर पडतात.

हे सगळं ऐकून काका काही माझ्या बाजूने आले नाहीत. फोडणं ते फोडणंच, असं त्यांचं अजून म्हणणं आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते एक फुलस्केप कागद घेऊन आले. माहिती अधिकाराचा अर्ज, सुवाच्य मराठीत, दहा रुपयांच्या शुल्कासह. ‘मागील तीन वर्षांत राज्य गृहखात्याने दूरध्वनी संभाषण ऐकण्याचे एकूण किती आदेश काढले, वर्षवार द्यावे.’ खाली त्यांनी एक ओळ जास्तीची घातली होती आणि तिच्याखाली पट्टी लावून रेघ ओढली होती: ‘कोणाचेही नाव नको.’

“देतील?” मी विचारलं.

“तीस दिवस आहेत त्यांना,” म्हणाले. “नकार दिला तर कारण लेखी द्यावं लागतं. पहिलं अपील कुणाकडे जातं ते मला ठाऊक आहे.” मग फाटकाची पिशवी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. पोदेर केव्हाच येऊन गेला होता.